प्रोग्रामरची पातळी: नम्रता हे माप नव्हे

प्रोग्रामरला स्वतःची पातळी ठाऊक असणे ही रोजच्या कामाची गरज आहे. कोणते काम अंगावर घ्यायचे, किती दिवसांचा शब्द द्यायचा, कुठे अडल्यावर वेळ न दवडता सहकाऱ्याला विचारायचे, कोणता कोड दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रॉडक्शनवर जाऊ द्यायचा नाही, हे सगळे निर्णय या एका अंदाजावर उभे असतात. अंदाज चुकला की त्याची किंमत ग्राहक मोजतो, टीममधले इतर मोजतात आणि शेवटी तो प्रोग्रामरही मोजतो.

या अंदाजाबद्दल सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात एक मत घट्ट रुजले आहे. प्रामाणिक आत्मपरीक्षण हा स्वभावाचा प्रश्न आहे. अहंकार बाजूला ठेवून माणूस स्वतःच्या आत डोकावला की त्याला आपली पातळी दिसते. आणि जो स्वतःला कमी गुण देतो तोच बहुधा अधिक जाणकार असतो, असे हे मत आहे. मुलाखती घेणारे ते मनात धरून बसतात, कॉलेजांतले मार्गदर्शक विद्यार्थ्यांना ते शिकवतात. पुष्टीसाठी घरात ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हण सांगितली जाते आणि ऑफिसात डनिंग-क्रूगर परिणामाचे नाव घेतले जाते. म्हणीपुरते बोलायचे तर खळखळणारे पाणी उथळ असेलही, पण त्यावरून शांत पाणी खोलच असते असे ठरत नाही. डनिंग-क्रूगरचा आधार मात्र शास्त्रीय समजला जातो, म्हणून तो नीट तपासायला हवा.

जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. दोघे तेव्हा कॉर्नेल विद्यापीठात होते. त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांची विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या घेतल्या. प्रोग्रामिंगची चाचणी त्यात नव्हती. तळच्या चौथाईतले विद्यार्थी प्रत्यक्षात सरासरी १२व्या पर्सेंटाइलवर होते आणि स्वतःला ६२व्या पर्सेंटाइलवर समजत होते. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. वरच्या चौथाईतल्यांनी स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी लेखले, हेही सांगितले जाते. त्यापुढची ओळ मात्र गाळली जाते: वरच्या गटाने स्वतःला तळच्या गटापेक्षा कमी लेखले नव्हते. त्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज तळच्या गटाच्या अंदाजांहून थोडे वरच होते. म्हणजे ‘स्वतःला कमी गुण देणारा अधिक जाणकार’ हा निष्कर्ष त्या आकड्यांतून निघत नाही, उलटाच निघतो. आधी आत्मविश्वासाचे उंच शिखर, मग खोल दरी आणि मग ज्ञानाचा हळूहळू चढत जाणारा उतार, अशी जी आकृती प्रशिक्षणवर्गांच्या स्लाइडवर सर्रास दिसते, ती तर मूळ निबंधात नाहीच.

शिवाय त्या आकड्यांचा अर्थ लावण्याबद्दलच वाद आहे. एडवर्ड नुहफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की निव्वळ यादृच्छिक आकडे घेऊन ते याच पद्धतीने चार गटांत मांडले तरी जवळजवळ तसाच आलेख उमटतो. तळच्याला वर जाण्यालाच जागा असते आणि वरच्याला खाली येण्यालाच, एवढ्या एका कारणाने आलेखाचा बराचसा भाग तयार होतो. तळचे लोक स्वतःला फसवतच नाहीत, असा याचा अर्थ नाही. पण क्रूगर-डनिंग यांच्या निबंधाच्या जोरावर एखाद्याच्या बोलण्याच्या सुरावरून त्याचे कौशल्य ओळखता येते, असे म्हणणाऱ्याने निबंध वाचलेला नाही.

मुळात प्रश्न स्वभावाचा आहे हेच गृहीतक चुकीचे आहे, आणि ते दाखवणारा सर्वांत बोलका दाखला प्रोग्रामिंगमधलाच आहे. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रामिंग पर्ल्स’ या पुस्तकात तो नोंदवला आहे. व्यावसायिक प्रोग्रामरांच्या वर्गांत ते एकच काम देत: बायनरी सर्च लिहा. चढत्या क्रमाने लावलेल्या यादीत एखादा आकडा आहे की नाही हे यादी दर वेळी अर्धी करत शोधायचे, एवढाच हा प्रोग्राम. हाताशी दोनेक तास आणि भाषा आपल्या आवडीची. वेळ संपला की जवळजवळ प्रत्येक जण सांगे, की कोड बरोबर आहे. मग अर्धा तास ज्याने त्याने आपलाच कोड टेस्ट केसेस लावून तपासायचा. शंभराहून अधिक प्रोग्रामरांमध्ये नव्वद टक्क्यांना आपल्याच कोडमध्ये बग सापडले.

इथे कोण खोटे बोलत होते? कुणीच नाही. त्यांना फुशारकी मारायची नव्हती, नोकरी मिळवायची नव्हती, समोर ग्राहक नव्हता. आत डोकावून त्यांना जे दिसले ते त्यांनी सांगितले, आणि जे दिसले ते चुकीचे होते. ‘हे जमले’ ही भावना आणि ते प्रत्यक्षात जमलेले असणे यांच्यामध्ये एक तपासणी असते. ती तपासणी झाली नसेल, तर गर्विष्ठ आणि नम्र दोघेही सारखेच अंधारात असतात. नम्र माणूस फार तर ‘बहुधा बरोबर असेल’ म्हणेल. बग मात्र तोच, त्याच ओळीत राहील.

या प्रोग्रामची पुढची हकिगत तर आणखी शिकवणारी आहे. बायनरी सर्च पहिल्यांदा छापली गेली ती १९४६ साली आणि निर्दोष रूपात छापली गेली ती १९६२ साली, असे डोनाल्ड नुथ यांनी नोंदवले आहे. बेंटली यांनी आपल्या पुस्तकात स्वतःचा कोड दिला, तो बरोबर असल्याची सिद्धता मांडली आणि चाचण्याही घेतल्या. तरी त्यात एक चूक राहिली. यादीच्या दोन टोकांचे क्रमांक ‘लो’ आणि ‘हाय’ मानले, तर मधला क्रमांक काढण्यासाठी दोघांची बेरीज करून तिला दोनने भागायचे, हे शाळकरी गणित बिनधोक वाटते. पण ऋण संख्याही धरणाऱ्या ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ हून मोठी संख्या मावत नाही. यादीत शंभर कोटींहून थोडे अधिक घटक झाले की बेरीज ही मर्यादा ओलांडू शकते, उत्तर ऋण येते आणि प्रोग्राम यादीबाहेरच्या जागेवर हात घालतो. जावाच्या अधिकृत लायब्ररीतही हीच ओळ होती. ती जोशुआ ब्लॉक यांनी लिहिलेली. त्यांनी स्वतःच २००६ मध्ये जाहीरपणे लिहिले, की हा बग तिथे सुमारे नऊ वर्षे दबा धरून होता. दुरुस्ती एका ओळीची आहे: ‘हाय’मधून ‘लो’ वजा करायचा, फरकाचा अर्धा भाग ‘लो’मध्ये मिळवायचा.

बेंटली आणि ब्लॉक यांची गणना नवख्यांत कुणी करणार नाही. १९६२ मध्ये किंवा बेंटलींचे पुस्तक आले त्या १९८६ मध्ये शंभर कोटींची यादी संगणकाच्या स्मृतीत मावतच नव्हती, त्यामुळे ती चूक दिसायला जागाच नव्हती. परिस्थिती बदलली आणि कालपर्यंत बरोबर असलेला कोड आज चुकीचा ठरला. कौशल्याचा निवाडा कोणत्या मर्यादेत, कोणत्या कामापुरता केला जातो आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ उरत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

अनुभवी माणसाची अंतर्दृष्टी तरी भरवशाची असते, असा पुढचा बचाव असतो. त्यालाही अलीकडचे उत्तर आहे. अमेरिकेतील मेटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर एक प्रयोग केला. हे लोक ज्या प्रकल्पांवर अनेक वर्षे काम करत होते, त्याच प्रकल्पांतली २४६ कामे त्यांना दिली. काही कामांत एआयची साधने वापरायला परवानगी, काहींत मनाई, आणि कोणत्या कामात काय हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवलेले. साधनांमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावर त्यांनी सांगितले, की सुमारे २० टक्के वाचला. घड्याळाप्रमाणे मात्र साधने वापरलेल्या कामांना १९ टक्के वेळ जास्त लागला होता. साधने पुढे बदलली, बदलत राहतील, तेव्हा त्यांच्या वेगाबद्दल इथे काही म्हणायचे नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की स्वतःच्या हाताने नुकतेच संपवलेले काम वेगाने झाले की सावकाश, एवढेही जाणकारांना नुसत्या आठवणीवरून सांगता आले नाही.

अशा अंतर्दृष्टीच्या भरवशावर मुलाखतीत विचारले जाते: ‘जावामध्ये स्वतःला दहापैकी किती गुण द्याल?’ कंपन्यांच्या कौशल्य-तक्त्यांत हाच प्रश्न ‘प्राथमिक, मध्यम, तज्ज्ञ’ अशा तीन रकान्यांत येतो. दहा म्हणजे काय, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि उत्तर देणाऱ्यालाही. जावाची वाक्यरचना येणे, अनेक थ्रेड एकाच वेळी एकाच डेटाला हात लावतात तेव्हा काय बिघडते हे कळणे, दुसऱ्याचा दहा वर्षे जुना कोड वाचून त्यात नेमका बदल करणे आणि प्रॉडक्शनवरच्या बिघाडाचे मूळ लॉगमधून शोधणे ही चार वेगळी कौशल्ये आहेत. एका माणसात ती चार वेगवेगळ्या पातळ्यांवर असतात. त्यांची सरासरी काढून हाती येणारा आकडा कोणत्याच कामाबद्दल काही सांगत नाही. आणि लोक हा आकडा कसा भरतात? टॉड झेंगर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका कंपनीतल्या ३२ टक्के आणि दुसऱ्या कंपनीतल्या ४२ टक्के अभियंत्यांनी स्वतःला कंपनीतल्या वरच्या पाच टक्क्यांत बसवले होते.

हे पाहून कुणी म्हणेल, की मग नम्रतेचा आग्रह धरला तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. हा प्रश्न प्रत्यक्षात कौशल्य मोजत नाही, तो बोलण्याची सवय मोजतो. महाराष्ट्रात अनेक मुले मराठी माध्यमात शिकून अभियांत्रिकीला येतात. आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये, हे त्यांच्यावर लहानपणापासून बिंबवलेले असते. वरून मुलाखत इंग्रजीत. अशी मुलगी ‘पाच’ म्हणते आणि शेजारी बसलेला, इंग्रजीत सहज बोलणारा मुलगा ‘आठ’ म्हणतो. दोघांचा कोड कुणी पाहिलेलाच नसतो. विचारणारा आत्मविश्वासावर भाळणारा असेल तर मुलगी मागे पडते, आणि डनिंग-क्रूगरची स्लाइड पाहून आलेला असेल तर मुलगा. दोन्ही निवाडे सारखेच अन्यायाचे आहेत, कारण दोन्ही पुराव्याशिवाय दिलेले आहेत. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये सिद्ध कर्तृत्वाच्या स्त्रियांमध्ये ‘आपण लायक नसताना इथे पोचलो’ ही सततची भीती नोंदवली होती. ती भीती ज्याच्या मनात घर करून आहे, त्याला ‘आणखी नम्र व्हा’ हा सल्ला देणे म्हणजे आजाराचेच औषध करणे होय.

नम्रतेचे समर्थक एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचे नाव घेतात. ट्यूरिंग पुरस्कार स्वीकारताना १९७२ मध्ये त्यांनी केलेल्या भाषणाचे शीर्षकच ‘द हम्बल प्रोग्रामर’ असे आहे. पण त्या भाषणात डाइक्स्ट्रा स्वतःला कमी गुण देण्याविषयी बोलत नाहीत. माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोडे मावते, म्हणून प्रोग्राम अशा रीतीने रचावेत की त्यांची शुद्धता तपासता येईल, ही त्यांची मागणी आहे. मर्यादा मान्य करून त्यांनी पद्धत मागितली. त्यांच्या नावावर नुसती विनयशीलता खपवणे हा त्यांच्या विचाराचा विपर्यास आहे.

आत्ममूल्यांकनाऐवजी अनुभवाची वर्षे मोजण्याचा मार्गही थोडक्यात निकालात काढता येतो. हॅरोल्ड सॅकमन आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये १२ अनुभवी प्रोग्रामरांमध्ये डीबगिंगच्या वेळेत २८ पट फरक नोंदवला. ‘दसपट प्रोग्रामर’ ही दंतकथा मुख्यतः तिथूनच वाढली. तो आकडा फुगलेला होता, कारण काहींनी उच्चस्तरीय भाषा वापरली होती आणि काहींनी नाही. काही जण संगणकासमोर बसले होते आणि काही नाही. टॉमस डिकी यांनी १९८१ मध्ये हे घटक वेगळे केले तेव्हा फरक पाचपटीच्या आसपास आला. तरीही सगळेच अनुभवी असताना पाचपट फरक पडत असेल, तर अनुभवाची वर्षे सांगून पातळी सांगितली असे होत नाही.

इथवरच्या युक्तिवादाच्या विरुद्ध जाणारा एक भक्कम पुरावा आहे आणि तो दडवणे बरोबर होणार नाही. जर्मनीतील संशोधकांनी २०१२ मध्ये १२८ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात वेगवेगळे प्रश्न विचारून पाहिले. कोड समजून घेण्याच्या कामातल्या यशाशी सर्वांत चांगले जुळले ते स्वतःबद्दलचे अंदाजच. म्हणजे आत्ममूल्यांकन निरुपयोगी नाही. पण त्यांतल्या काही प्रश्नांत ते विद्यार्थी आपल्याच वर्गाशी स्वतःची तुलना करत होते, ज्या वर्गाचे काम त्यांनी जवळून पाहिले होते, आणि उत्तरावर कुणाची नोकरी अवलंबून नव्हती. क्रूगर-डनिंग यांच्या प्रयोगातही वरच्या गटाला इतरांच्या उत्तरपत्रिका दाखवल्यावर त्यांचे अंदाज सुधारले, आणि तळच्या गटाला तर्काचे थोडे प्रशिक्षण दिल्यावर त्यांनाही आपल्या चुका ओळखता येऊ लागल्या. अंदाजाला बाहेरचा आधार मिळाला की तो सुधारतो, हे दोन्हीकडे दिसते. मेटरच्या डेव्हलपरांना आणि बेंटलींच्या प्रोग्रामरांना असा आधार अंदाज सांगताना मिळालेला नव्हता.

हा बाहेरचा आधार मिळवण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे आधी लिहून ठेवणे. कामाला हात घालण्यापूर्वी दोन गोष्टी लिहायच्या: किती वेळ लागेल आणि टेस्टिंगमध्ये किती बग निघतील. काम संपल्यावर प्रत्यक्ष आकडे शेजारी मांडायचे. आठवण नंतर स्वतःच्या सोयीने बदलते, लिहिलेला आकडा बदलत नाही. वॉट्स हम्फ्री यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये याच कल्पनेवर ‘पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस’ ही पद्धत उभी केली आणि १९९५ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. वेळ, कोडचा आकार आणि प्रत्येक दोष कुठे शिरला, कुठे सापडला याची नोंद प्रत्येकाने स्वतः ठेवायची. पद्धत जड होती, हा तिच्यावरचा आक्षेप खरा आहे. हवाई विद्यापीठातल्या एका अभ्यासात हाताने भरलेल्या तिच्या नोंदींत पुष्कळ चुका आढळल्या. आज त्यातला मोठा भाग हाताने भरण्याची गरजच उरलेली नाही. कोणती ओळ कुणी कधी लिहिली आणि कधी दुरुस्त केली ते गिट सांगते. कोड रिव्ह्यूमध्ये तोच शेरा पुन्हा पुन्हा येतो का, हे रिव्ह्यूच्या जुन्या नोंदी चाळल्या की तासाभरात कळते. स्वतः लिहायचा राहतो तो फक्त आधीचा अंदाज.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा नोंदी मॅनेजरच्या हाती पडल्या तर वार्षिक मूल्यमापनात त्या प्रोग्रामरच्याच विरुद्ध वापरल्या जातील आणि लोक खोटे आकडे भरू लागतील. ही भीती रास्त आहे. हम्फ्री यांनीही वैयक्तिक आकडे त्या व्यक्तीच्याच मालकीचे राहावेत असा आग्रह धरला होता. ही अट पाळता येत नसेल तिथे नोंदवही घरी ठेवावी.

दोषांची नोंद ठेवण्याने कुणाची प्रतिष्ठा जाते, हा समजही नुथ यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहिताना त्यांनी १९७८ पासून आपल्या चुकांची आणि बदलांची नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये ती ‘द एरर्स ऑफ टेक’ या निबंधासह प्रसिद्ध केली. प्रत्येक नोंदीला त्यांनी पंधरांपैकी एका वर्गाचे अक्षर दिले: विसरून गेलेली गोष्ट, अल्गोरिदममधली चूक, भाषेचा गैरसमज, कधी कल्पना न केलेली परिस्थिती, साधी टंकनाची चूक. नवी चूक शोधून देणाऱ्याला ते पैसे देत आले. त्या यादीतून आपण कोणत्या प्रकारच्या चुका वारंवार करतो, हे त्यांना नेमके सांगता येत होते. ‘दहापैकी नऊ’ या उत्तरात यातले काहीच मावले नसते.

नेमकेपणाची ही अपेक्षा नवख्या विद्यार्थ्याकडूनही करता येते. ‘मला पायथन मध्यम येते’ या वाक्याऐवजी त्याने असे लिहावे: फाइल वाचून त्यातली माहिती गटांत लावणारा दोनशे ओळींचा प्रोग्राम एका दिवसात लिहिता येतो, रिकर्शन असेल तर पहिल्या प्रयत्नात बहुधा चुकते, दुसऱ्याचा कोड वाचताना क्लास आले की वेळ दुप्पट लागतो. यात ना गर्व आहे ना नम्रता. यातले प्रत्येक वाक्य कुणालाही एका दुपारी तपासता येते, आणि सहा महिन्यांनी त्यातले कोणते खोटे ठरले हे त्या विद्यार्थ्यालाही पाहता येते.

कंपन्यांनी अर्जातला ‘स्वतःला दहापैकी किती गुण द्याल’ हा रकाना काढून टाकावा. त्या जागी उमेदवाराला त्याने कधी न पाहिलेला चाळीस ओळींचा कोड द्यावा. त्यात किती चुका सापडतील आणि किती वेळ लागेल हे आधी त्याच्याकडून लिहून घ्यावे, आणि अर्ध्या तासाने दोन्ही आकडे समोर ठेवून त्याच्याशी त्याला सोयीच्या भाषेत बोलावे. कॉलेजांनी हे प्लेसमेंटच्या वर्षाची वाट न पाहता पहिल्या सत्राच्या प्रॅक्टिकलपासून सुरू करावे.